सावलीतलं तापमान

सोनेगावच्या वेधशाळेत बावीस वर्षं
मी या शहराचा ताप बघते.
साडेआठ, साडेअकरा, अडीच, साडेपाच.
पांढऱ्या झडपांची पेटी चार पायांवर उभी,
दार उत्तरेला, ऊन आत डोकावू नये म्हणून.
पाऱ्याच्या रेषेत डोळा आणायचा, श्वास रोखायचा,
दिसलं ते लिहायचं. वाटलं ते नाही.

मे महिन्यात पिशवी काढली.
आमच्याकडे असंच म्हणतात,
खुंटीवरून काढावी तसं.
धंतोलीत, दुर्बिणीनं. बेंबीत एक, बाजूला दोन,
तीन भोकं, प्रत्येकावर टिकलीपेक्षा जरा मोठी पट्टी.
बोकडे काकू बघायला आल्या आणि नाराज झाल्या.
"एवढंसंच? आमच्या वेळी तं
इथून तिथवर फाडत होते बाई.
दुर्बिनीचं काय, चवथ्या दिवशी पोया लाटशीन."
चौथ्या नाही, सहाव्या दिवशी लाटल्या.

नवव्या दिवशी नवतपा लागला.
कूलरला नवा वाळा, तरी पलंगाची पाटी तापलेली.
कपाळावर हात ठेवून मधुसूदन म्हणाला,
"सगळ्यांचंच गरम आहे."
खरंच होतं. भिंत गरम, नळ गरम,
उशी उलटी केली तरी गरम.
सेहेचाळीस पॉइंट दोनच्या गावात
एकशे एक कुणाला ऐकू येणार?
शिवाय ते सेल्सिअस, हे फॅरनहाइट,
दोन वेगळ्या वह्या.
थंडी वाजली तेव्हा मात्र मी कूलर बंद करायला लावला
आणि सगळं घर माझ्याकडे बघू लागलं.

आणि वास.
तो मी कुणालाच सांगितला नाही.
'अंगावरून जातंय' इथवर म्हणता येतं,
पुढचा शब्द दातांपाशी अडतो.
दिवसातून तीनदा आंघोळ केली.
कूलरच्या टाकीवर संशय घेतला,
ओजसकडून ती घासून घेतली,
बिचाऱ्यानं शेवाळ काढलं, ब्लीचिंग टाकलं.
वास तसाच.

बाहेरच्या तीन टाक्यांवर सगळ्यांची नजर.
ते कोरडे, गुणी.
चौथी शिवण आत होती,
जिथं पिशवीचं तोंड होतं तिथं.
तिला बघायला कुणी आलं नव्हतं.

बाराव्या दिवशी गोळ्या शोधताना
डिस्चार्जचा कागद उलटा पडला.
मागे सिस्टर गजभियेंचं पेनानं लिहिलेलं:
ताप, वास, ओटीपोटात दुखणं,
यातलं एकही आलं तर फोन. रात्र असली तरी.
खाली नंबर, नंबराखाली दोन रेघा.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.
"थोडा."
"आकडा सांगा, ताई."
बावीस वर्षांत असं मला कुणी म्हणालं नव्हतं.
एकशे एक पॉइंट आठ. साडेपाचची नोंद.
"आणि वास?"
समोर सासूबाई पालक निवडत होत्या.
"आहे," मी म्हणाले. "सडल्यासारखा."
पालकावरचा हात थांबला.
"काहून नाही सांगितलं मले, तीन दिवस?"
आणि त्या ऑटो बघायला निघाल्या, अनवाणी,
अंगण अजून पोळत असताना.

लिंबाएवढा पू निघाला.
पाच दिवस सलाइन, हाताची शीर दोरीसारखी.
डॉक्टर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या,
अजून दोन दिवस थांबला असतात तर,
आणि वाक्य तिथंच सोडून
पुढच्या पलंगाकडे गेल्या.

आता बोकडे काकूंच्या सुनेची तारीख आहे, बुधवारची.
काकू बाहेर सांगताहेत, दुर्बिनीचं तं हाय.
मी सुनेला आतल्या खोलीत नेलं,
थर्मामीटर दिला, कशी वाचायची ते दाखवलं,
मग तो शब्द तिच्याकडून म्हणवून घेतला, मोठ्यानं.
पहिल्यांदा ती हसली.
मी म्हटलं, पुन्हा.