अंगठा

उबाळे मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं,
नाडी बघताना अंगठा लावायचा नाही.
अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो,
पेशंट गेला तरी तुम्ही बहात्तर मोजत बसाल.
वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा.
मी शेवटच्या बाकावर, तेहतीस वर्षांची;
बाकीच्यांच्या बारावीच्या निकालाची शाई अजून ओली.

कर्वेनगरच्या नर्सिंग होममध्ये नऊ वर्षं मी मावशी होते.
मावशी, बेडपॅन. मावशी, इथं पुसून घ्या.
चादरीचा कोपरा कसा दुमडायचा
हे मला कुणी शिकवायला नको होतं,
पण हे असं का, विचारलं
की जीभ टाळूला चिकटायची.

आता रास्ता पेठेतल्या हॉस्टेलवर
रात्री साडेअकराला पोटॅशियमचे आकडे घोकते.
किनवटची प्रणोती आत्राम माझी परीक्षा घेते,
चुकलं की "अगं ताई" म्हणत कपाळाला हात लावते.
मी तिची वेणी घालून देते. हिशेब फिटतो.

रविवारी हडपसरला, घरी. मुलगा आठवीत.
एकाच टेबलावर दोघं हृदयाची आकृती काढतो,
त्याची दोन मार्कांची, माझी दहा.
त्याचे कप्पे जास्त रेखीव.

पहिली शीर सापडली चौथ्या टोचणीला.
आजोबांनी दुसरा हात पुढे केला,
म्हणाले, घे पोरी, इकडं अजून जागा आहे.
मी जिन्यात जाऊन रडले
आणि नोंदवहीवर सही घ्यायला परत वर आले.

काल रात्री स्टाफ सिस्टरनी
संमतीचा कागद देऊन बारा नंबरला पाठवलं.
पेशंटची सासू बसलेली, पौडकडची.
सही येत न्हाई, म्हणाली, फरशीकडे बघत;
रेशनच्या दुकानात माझी आई बघायची तशी.
मी तिचा अंगठा शाईच्या पॅडवर धरला,
कागदावर टेकवला, डावीकडून उजवीकडे.
खरबरीत, गरम,
आणि माझ्या अंगठ्याखाली, अगदी स्पष्ट,
ठोका.

तिचा की माझा, कळेना.
मनाई असून मोजत राहिले.

"झालं का गं, सिस्टर?"
झालं, म्हटलं. शाई पुसायला
स्पिरिटचा बोळा दिला तिच्या हातात.
तिनं आधी
माझा अंगठा पुसला.