करंगळी

जत्रेच्या नाटकात बाबा कधीच दिसले नाहीत.
चाळीस वर्षं विंगेत, एका स्टुलावर,
मांडीवर वही, गुडघ्यांत धरलेली विजेरी.
राजे, कारभारी, पतिव्रता,
अख्खं कुडणे त्यांच्या श्वासावर बोलायचं.

कार्तिकात एका सकाळी, चहात पाव बुडवताना
उजवा हात बशीतच राहिला
आणि ओठाचा एक कोपरा खाली आला,
पडद्याची एक दोरी तुटावी तसा.
साखळीहून बांबोळी. एकशे आठमध्ये
मी पायांकडे बसले होते,
त्यांच्या चपला माझ्या मांडीवर.

आठव्या रात्री पहिल्यांदा बोलले:
"महाराज, घात झाला!"
वॉर्डातली माणसं उठून बसली.
त्यांना पाणी हवं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं.
पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं,
ते वाचलंय. रोजचं गेलंय.
रोजचं म्हणजे उदक, पेज, आई, मी.

मग घरी आम्ही कोश केला, कॅलेंडरच्या पाठीवर:
"कोण आहे रे तिकडे" म्हणजे दिवा लावा.
"दूर हो, चांडाळा" म्हणजे औषध कडू आहे.
"कन्यके" म्हणजे कधी मी, कधी आई, कधी मांजर.

त्याच कॅलेंडरच्या पुढच्या अंगाला हिशेब.
योजनेच्या कार्डावर इस्पितळ निभावलं,
पण घरी आणलेलं आजारपण कार्डावर बसत नाही.
फिजिओ पाचशे, आठवड्यातून तीनदा.
बोलायला शिकवणारी म्हापशाला, आठशे, वर रिक्षा.
रक्त पातळ ठेवायची गोळी तर मीच भरते,
कुंडईच्या कारखान्यात, दुसऱ्या शिफ्टला.
हजारो पट्ट्या हाताखालून सरकतात,
किंमत छापायचं यंत्रही माझ्याकडेच.
फार्मसीत तीच पट्टी
मी दहा दहा गोळ्यांनी मागते.

आईच्या पाटल्या सोसायटीत गेल्या त्या दिवशी
बाबा खुर्चीतून गरजले,
"खजिन्याची दारं उघडा!"
आई हसली. हसता हसता
मनगटं तिनं पदराखाली घेतली.

उमाकांत माजीक आला. तीस वर्षांचा खलनायक.
अकरा वर्षं दोघांचा अबोला,
कारण एकदा भर अंकात, तलवार उपसून,
तो विंगेकडे वळून ओरडला होता,
"व्हडल्यान सांग मरे!"
काही न बोलता एक जुनी वही ठेवून गेला.
जिथे जिथे त्याचा प्रवेश
तिथे तिथे पाचशेची नोट. मोजल्या, चाळीस.
मंडळ आता खास प्रयोग लावायचं म्हणतंय, तिकीट शंभर.
मी नको म्हणणार होते.
वाक्य आयत्या वेळी आठवलं नाही.

सुट्टी असेल त्या संध्याकाळी
मी त्यांच्या मागे बसते. स्टूल तेच.
समोर पाण्याचा पेला.
हळूच म्हणते, "उ..."
ते ओठ जुळवतात. सुटतात. पुन्हा जुळवतात.
मला घाई होते. हप्ता पाच तारखेला आहे,
मला सगळ्याचीच घाई होते.

प्रॉम्प्टरनं आधी गप्प राहायला शिकावं, सांगायचे.
नट थांबतो तो विसरला म्हणून
नाहीतर भूमिकेत शिरला म्हणून,
अंधारातून ते ओळखता आलं पाहिजे.
जाणता नट विंगेकडे नुसती करंगळी उचलतो:
येतंय मला. सांगू नको.

काल मी "उद" पर्यंत पोचले होते.
बाहेर मासळीवाला भोंगा वाजवत गेला.
खुर्चीच्या दांडीवर त्यांचा डावा हात,
आणि करंगळी वर.

पेल्याच्या कडेनं एक मुंगी
सबंध फेरी मारून आली.
मी बोलले नाही.