दुसरी खुर्ची

ठाण्यात शिरले तसे हवालदार उठून उभे राहिले.
"या ताईसाहेब," म्हणाले,
आणि रुमालानं खुर्ची झटकली.
एकच.
माझ्यामागून झुंबरबाई काळे आत आली,
तिला त्यांनी नुसत्या हनुवटीनं
भिंतीकडची फरशी दाखवली.
ती बसलीसुद्धा,
पदर गुडघ्यांभोवती आवळून,
कमीत कमी जागेत मावेल असं अंग करून.

तिच्या पोराचं नाव वकील.
तो जन्मला त्या दिवशी बाप सुटून आला होता,
कुणीतरी फुकट उभा राहिला होता कोर्टात,
म्हणून.
"वकील काळे?" हवालदार हसले. "वय?"
"लिंबाला मोहर आला की सतरा."

येरळेकाठच्या शेडमधून
बेदाण्याच्या अकरा पेट्या गेल्या.
रात्री जीप पालापुढं थांबली.
पहाटे पोरगं ओढ्यात सापडलं,
तळपाय असे की चप्पल चढेना.
आता सांगलीला, सिव्हिलमध्ये, खाटेवर.
शेड माझ्या चुलतभावाचं.
जीपही.
हवालदार हे ऐकत नाहीत,
ते माझ्यासाठी चहा सांगतात, कमी साखरेचा.
घरातलं सगळं ठाऊक आहे त्यांना.

ह्याच ठाण्याच्या दारावर त्रेचाळीस साली
आप्पांच्या नावाचं इनाम चिकटवलं होतं.
आता अंगणात थंड पाण्याचा कूलर आहे,
'कै. दौलतआप्पा मुळीक यांच्या स्मरणार्थ',
देणगीदार : रणधीरदादा.

आप्पांची गोष्ट आमच्याकडं दर निवडणुकीला सांगतात.
भूमिगत असताना, जोंधळ्याच्या रानात,
कंदिलाची वात बारीक करून निवाडा केला :
सख्ख्या मामानं विधवेची पट्टी दाबली होती,
त्याच मामाला स्वतःच्या बैलांनी
ती नांगरून द्यायला लावली.
मामा पुढं सात वर्षं आमच्यात जेवला नाही.
टाळ्या कुठं पडतात ते ठरलेलं आहे.
त्या बाईचं नाव कुणी सांगत नाही.
मीही कधी विचारलं नाही,
आणि हेही नाही, की त्या कंदिलापुढं
एखादा पारधी आला होता का,
फिर्याद घेऊन,
की फक्त बांधून आणलेला.

"दुसरी खुर्ची आणा," मी म्हणाले.
"शिल्लक नाही ओ ताईसाहेब."
खाली बसावं वाटलं, तिच्याशेजारी.
पण आमच्या घराण्यातलं माणूस जमिनीवर बसलं
की त्याचा उद्या फोटो होतो.
मी उभी राहिले.
चहा आला, साय धरली.
साहेब जेवायला गेले, आले, फोनवर बोलले,
'हो दादा, इथंच आहेत' असं काहीसं.
पिशवीत माझाही फोन थरथरत होता.
पाय भरून आले.
झुंबरबाईनं एकदा वर पाहिलं,
"बसा की बाई," म्हणाली,
"आमाला सवं हाय."

चार वाजता आतून दुसरी खुर्ची आली,
एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
ती कडेवर टेकली,
कुणाची तरी मागून आणलेली वस्तू
जपून वापरावी तशी.
मग सांगू लागली. सलग नाही.
आधी कुत्रं भुंकलं ते, मग पावसाचं,
मग पोराच्या अंगात कुठला शर्ट होता ते,
मग जीप.
कुणाची?
तिनं माझं आडनाव घेतलं.

लेखनिकाचं पेन थांबलं.
त्यानं साहेबांकडं पाहिलं,
साहेबांनी माझ्याकडं.
कूलरची मोटर बाहेर गुरगुरत होती.
"लिहा," मी म्हणाले.
"मुळीक.
मु ऱ्हस्व, ळी दीर्घ."

अंगठा दिला तिनं. शाई केसांना पुसली.
प्रत हातात घेऊन उलटी धरली, सरळ केली,
पोलक्यात खोचली.
एका कागदानं पोरगं चालू लागत नाही,
हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

अंगणात ती कूलरपाशी थांबली.
स्टीलच्या पेल्याला साखळी आहे.
पेल्याला हात न लावता
तिनं ओंजळ पुढं केली.
नळ मी दाबून धरला.