चौदा नंबरचा वाफा

लोरेनबाईंच्या शेतात भरती येते
लख्ख उन्हात, वाऱ्याशिवाय,
चराच्या वाटेनं, मांजरासारखी.
सासऱ्यांनी इथे मका काढला, मग सोयाबीन,
मग काहीच नाही.
कडेचे पाइन उभ्या उभ्या वाळलेत,
आणि पत्रपेटीच्या खांबाला
गुडघ्याएवढी पांढरी रेघ.

मी आठवड्यातून दोनदा प्रिन्सेस ॲनहून येते.
मीटर खुपसते, आकडा लिहिते.
माती बोलत नाही,
मिठाची गुळणी धरून बसलीय.

वीस वाफे, वीस वाण.
पाकिटांवर नावं नाहीत, नुसते नंबर.
सात नंबर रोपातच करपला.
अकरा फुटला, पोटरीत आला, निसवला,
लोंबी चोळली तर तळहातावर पळींज.
लोरेनबाईंनी फुंकर मारली, म्हणाल्या,
"थेट आमचा रॉय."
रॉय कोण, मी विचारलं नाही.

चौदाची लोंबी मात्र वाकली.
लांब कुसळं, सोलला तर दाणा लाल.
दुसरा सोलला. तोही लाल.
हा राता तर नव्हे?
आमच्या खारेपाटात बांध फुटला
तरी हाच उभा राहायचा, खाऱ्यात गुडघाभर,
आणि बाजारात भाव कोलमला.
शेऱ्याच्या रकान्यात मी 'लाल' एवढंच लिहिलं.
पुढचं लिहिणं शास्त्राला धरून नव्हतं.

"तुमच्याकडे पाणी अडवतात कसं?"
मी सांगितलं: बांध, बांधाला उघाडी,
ओहोटीला उघडते,
भरती स्वतःच तिला लोटून घेते.
आणि फुटलं की घरटी एक माणूस, फावड्यासकट.
"घरटी," म्हणत त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.
मैलभरात एकच घर, टिल्मनचं.
त्यानं जमीन सरकारला विकलेली, बदकांसाठी.

ऑक्टोबरच्या पुनवेला चराचं झाकण निखळलं.
मी पोचले तेव्हा
लोरेनबाई, त्यांचा भाचा डेरिक,
आणि पिकअपमधून वाळूच्या पिशव्या ओढणारा
म्हातारा टिल्मन, पायात घरातल्या सपाता.
फार कुणी बोललं नाही.

उजाडलं तेव्हा मीटर गाडीतच होता,
माझे हात चिखलाचे.
चौदा पाण्यात उभा होता, मान खाली, जड.
"हे काय पेरलंय?" टिल्मननं विचारलं.
लोरेनबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी नंबर सांगितला.
मग, जरा थांबून, नाव.