सुकतीचा तास

सातवीच्या प्रकल्पाला तालुक्यातून पत्र आलं:
विषय, 'माझा गाव, माझा इतिहास'.
त्याच संध्याकाळी पेठेतल्या शिवलकरांच्या दुकानात
थर्माकोलचे किल्ले टांगले गेले,
बुरुजासकट एकशे ऐंशी, भगवा वेगळा.

मी म्हटलं, किल्ला नको. आपल्याकडे किल्ला नाहीच.
आपल्याकडे धक्का आहे,
लाँच बंद झाल्यापासून ज्यावर फक्त जाळी वाळतात.
तो मोजा. कोण उतरायचं, काय उतरायचं, विचारा.
आणि विचारलंत त्याचं नाव लिहा, वय लिहा.

दर्शन गोताडने सुंभाने धक्का मोजला,
सुंभ ओला होता, आखडला, पुन्हा मोजला.
बेचाळीस पायऱ्या. एक फुटकी.
सकीना होडेकरने आणली आजोबांची खलाशी-वही,
बसऱ्याचा शिक्का, आत कुणीतरी मांडलेला साबणाचा हिशेब.
वर्ग खूश होता. मीही.
नकाशाचा कागद जवळजवळ भरला होता.

मग यशोधरा मोहिते उभी राहिली, वही न उघडता.
"सर, आमची पणजी धक्क्यावर कधी उतरलीच नाही."

आजीचे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले:
"लाँच लागली का गावची मान्सं आदी उतरायची, धक्क्यावं.
आमी मागनं. धोंड्यांवरनं. चिखलात.
पोर खांद्यावं, लुगडं गुडग्यावर."

वर्गात कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही.
फक्त दर्शन, प्रामाणिक पोर, म्हणाला,
"पण सर, तिथे धोंडे नाहीत. मी मोजलंय ना."

नव्हतेच. मीही अकरा वर्षं त्या धक्क्यावर
संध्याकाळी जाऊन बसतो.
पुस्तकात पाहिलं, ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाहिलं,
धक्क्याच्या दुरुस्तीची पावती सापडली, एवढंच.

सकीनाचा बाप जाळं शिवत होता, मान वर न करता म्हणाला,
"भांगाला काय दिसनार मास्तर?
अमाशेच्या सुकतीला या."

वेळापत्रकात इतिहास बुधवारी, चौथ्या तासाला.
समुद्राचं वेळापत्रक वेगळं.
आम्ही अमावास्येला गेलो, सकाळी साडेसहाला,
हाताला हात दिसेल इतकाच उजेड,
एकतीस मुलं, चपला हातात.
खाडी मागे सरकली होती, फार मागे,
आणि धक्क्याच्या डाव्या अंगाला
चिखलातून वर आले धोंडे,
कालवांनी मढलेले, एका ओळीत, पावलाच्या अंतरावर.
एवढ्या सरळ ओळीत समुद्र काही ठेवत नाही.

सतरा.
दर्शनने मोजले. परत मोजले. सतराच.
यशोधरा पहिल्यावर उभी राहिली,
दुसऱ्यावर जाताना घसरली, कालव लागून टाच कापली.
सकीनाने ओढणीचं टोक फाडून बांधलं.
मी सूचना देत होतो. माझं कुणी ऐकत नव्हतं.

नंतर भांडण नकाशावरून.
सूचीत विहिरीला खूण, देवळाला, मशिदीला, पायवाटेला खूण.
याला कुठली द्यायची?
सकाळी असतं आणि दुपारी नसतं,
असं पुस्तकातल्या कुठल्याच सूचीत नाही.
एकाने सुचवलं, पेन्सिलने काढू, खोडता येईल.
यशोधरा म्हणाली, शाईने.

तालुक्याच्या प्रदर्शनात किल्ल्याला पहिला क्रमांक मिळाला,
त्याला आतून दिवाही होता.
परीक्षक आमच्या कागदावर वाकले,
"या दगडांना लेखी आधार काय?"
मी घसा खाकरला.
"पौर्णिमेला या सर," दर्शन म्हणाला, "सकाळी लवकर.
चपला काढाव्या लागतील."

उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर गावाचं नाव चुकलं.

कागद आता वर्गात आहे, फळ्याच्या बाजूला,
पावसाळ्यात कोपरे फुगतात.
धक्क्याच्या डावीकडे सतरा लहान वर्तुळं,
प्रत्येक अर्धं भरलेलं, अर्धं कोरं,
आणि सूचीत, यशोधराच्या तिरक्या अक्षरात,
त्या खुणेपुढे एवढंच:
भरतीला झाकतं.