एका पायात चप्पल

शरणपूर रोडच्या लॅबमध्ये मी दिवसाला साठ दंड बांधते,
साठ शिरा शोधते,
नळ्यांवर नावं लिहिते, न चुकता.
घरी चुकले.

आधी ठोका चुकला.
तांबट आळीत वाढलेल्याला घड्याळ लागत नाही,
अण्णांची हातोडी थांबली की आई कुकर उतरवायची.
दिवाळीनंतर कधीतरी
ठण् ठण् ठण् मध्येच एक ठप् यायला लागला.
हंड्याच्या पोटाला नको तिथे पोचा.
आई म्हणाली, वय झालं.
मीही म्हटलं, वय झालं.

मग सिन्नरच्या गिऱ्हाइकाची घंगाळी
ओझरच्या गिऱ्हाइकाला देऊन बसले.
मग एकदा भद्रकालीतून मेथी घेऊन आले
ते एकाच पायात चप्पल घालून.
दुसरी कुठे राहिली, पायाला ठाऊक नव्हतं.
शेजारचे मोघे हसले, आम्ही हसलो,
अण्णाही हसले,
थोडं उशिरा.

त्या रात्री पिठलं.
"फार झोंबतंय," म्हणाले.
आईनं मिरची घातलीच नव्हती.
मी म्हटलं, जीभ दाखवा.
दाखवली, शाळेतल्या पोरासारखी, डोळे मिटून.

लालभडक. गुळगुळीत. एक काटा शिल्लक नाही.
चिंच-राखेनं घासलेल्या कळशीच्या बुडासारखी.
चाळीस वर्षं जी झिलई त्यांनी भांड्यांना दिली
ती कोणी आतून त्यांनाच देत होतं,
आणि मी रोज समोर बसून जेवत होते.

सकाळी त्यांचा दंड बांधला. एकसष्टावा.
"टोचलं का?"
"तुझा हात हलका आहे."
मला ते कौतुक घेता येईना.

बी-बारा : अठ्ठ्याण्णव.
आकड्याखाली ठळक रेघ.
अशा रेघा मी रोज घडी घालून
पाकिटात सरकवते, पुढचं नाव पुकारते.

आता दिवसाआड इंजेक्शन,
कुंकवाच्या पाण्यासारखं लाल.
आई विचारते, एवढ्याशानं काय होणार?
पहिले काही आठवडे काहीच झालं नाही.
ठप् होता तिथेच होता.

आज पहाटे, गंगेवरून बोचरं वारं,
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अण्णा उभे.
एक पाय उचलतात, टेकवतात,
पुन्हा उचलतात.
"वैजू, फरशी गार आहे गं."

मी गॅस बारीक केला.
आई आतून ओरडली,
"मग चप्पल घाला की."