एअर

गगनबावड्याच्या चढाला काटा लालात गेला
आणि उताराला गुमान खाली आला,
काही झालंच नव्हतं जसं.
रेडिएटर नवा. पंप नवा. बिल अजून खिशात.
उद्यमनगरात आदगोंडा मिस्त्रींनी
बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं,
"एअर धरलीय लगा तिनं."

वरच्या होजला हात लावला, मग खालच्याला.
एक चटका, एक गार.
मधल्या वळणांवर पाना वाजवत गेले,
कलिंगड घेताना वाजवतात तसा,
आणि एका जागी आवाज पोकळ आला.

"एअर उंचावर जाऊन बसती.
तिथं तिला तोंड नाही ठेवलं
तर जन्मभर पाणी ओत, भरल्यागत दिसंल नुसतं."
सगळी वाट त्यांनी बोटानं हवेत काढली,
पंपातनं ब्लॉक, ब्लॉकातनं हेड,
हेडावरनं केबिनच्या हीटरला गेलेला
उंटाच्या पाठीसारखा बाक.
"हितं. कुणी जोडलाय ह्यो?"
मीच जोडला होता. गप्प बसलो.

गाडी थंड होईस्तोवर चहा.
समोरच्या फौंड्रीत ओतकाम चाललेलं,
जळक्या वाळूचा वास रस्ताभर.
माझ्या मनगटावरचा पांढरा डाग त्यांनी बघितला,
विचारलं नाही.
गरम झाकण उघडलेल्याला तो असतोच.
त्यांना दोन आहेत.

मग पुढची चाकं फळ्यांवर, म्हणजे
रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच.
बाकावर होज कापून पितळी टी बसवली,
शेजारच्या लेथवर तासाभरात उतरवून आणलेली,
अजून कोमट.
टीच्या माथ्याला बारका स्क्रू.
नरसाळं म्हणून कापलेली पाण्याची बाटली.
"ओत. सावकाश. धार मोडू नको."

इंजिन चालू.
मी ओततोय, ते होज दाबतात, सोडतात,
दाबतात, सोडतात,
गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस पिळतात
तसे, खाली मान घालून.
स्क्रू अर्धा फेरा सैल.
आधी सूंऽऽ.
मग फेस, थुंकी, एक खोकला,
परत सूं.
आणि बाटलीतलं हिरवं पाणी
एकदम वीतभर खाली गेलं.
एवढी जागा आतल्या आत
भाडं न देता अडवली होती तिनं.

धार सलग झाली तेव्हा स्क्रू आवळला,
दोन बोटांनी, जोर न लावता.
थोड्या वेळानं थर्मोस्टॅट उघडला असावा.
त्यांनी माझा हात धरून
खालच्या होजवर ठेवला.
ऊब हळूहळू माझ्याकडं येत होती.

"उद्या गार असताना झाकण काढ.
दोन बोटं खाली गेलं असंल. भर."
म्हटलं, आज निघाली की सगळी.
"सगळी कोण म्हणालं?"
हात पुसला त्यांनी,
आणि पुढच्या गाडीच्या होजला लावला.